'परमेश्वर राजा झाला' की 'परमेश्वर राज्य करतो'? हिब्रू स्तोत्रांतलं देवाचं राज्य

हिब्रू बायबलमधलं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातलं, ९३ वं स्तोत्र अवघ्या पाच कडव्यांचं आहे. मोठ्याने म्हटलं तरी मिनिटभर लागत नाही. त्याचे पहिले दोन शब्द आहेत 'अदोनाय मालाख'. देवाच्या राज्याची सगळी कल्पना या दोन शब्दांत बसलेली आहे, आणि अभ्यासक शंभर वर्षं त्यांच्यावरच वाद घालत आले आहेत. म्हणून इथूनच सुरुवात करू.

पहिल्या शब्दाच्या जागी मूळ पोथीत देवाचं चार अक्षरी नाव आहे. ज्यू लोक ते उच्चारत नाहीत, त्याऐवजी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असं वाचतात. मराठी बायबलात तिथे 'परमेश्वर' येतो. दुसरा शब्द 'मालाख' हे क्रियापद आहे. 'मेलेख' म्हणजे राजा, आणि 'मालाख' म्हणजे राजा होणं, राज्य करणं. म-ल-ख या तीन व्यंजनांचं हे कुळ मराठी कानाला अगदीच परकं नाही. हिब्रूची बहीण असलेल्या अरबीतून, फारसीच्या वाटेने, याच धातूचे दोन शब्द आपल्याकडे आले आणि इथलेच होऊन गेले: 'मालक' आणि 'मुलूख'.

पण हाच 'मुलूख' आपल्याला चकवतो. देवाचं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादा प्रदेश येतो: ढगांपलीकडे कुठेतरी, मेल्यावर जाण्याचा. स्तोत्रांतलं राज्य तसं नाही. तिथे राज्य चालवलं जातं, गाजवलं जातं, त्याला विरोध होतो आणि त्या विरोधासमोर ते पुन्हा जाहीर केलं जातं. राज्यासाठी हिब्रूत जो शब्द येतो, 'मल्खूत', त्याचा अर्थ आधी 'राजेपण' असा आहे, मग राजवट, आणि भूभाग सगळ्यात शेवटी. मराठीतल्या 'पेशवाई'सारखा तो शब्द आहे. पेशवाई म्हटलं की आधी ते पद, तो कारभार, तो अंमल आठवतो, नकाशा नंतर येतो. लपंडाव खेळताना मुलं 'राज्य कोणावर?' असं विचारतात, तेव्हाही राज्य म्हणजे जागा नसते. कुणावर तरी आलेलं काम असतं. स्तोत्रं वाचताना 'राज्य' या शब्दाचा हा घरगुती अर्थ मनात ठेवला तर पुष्कळ काही सोपं होतं.

आता ते पाच कडव्यांचं स्तोत्र पाहू. परमेश्वर राजा आहे, त्याने ऐश्वर्य पांघरलं आहे, सामर्थ्याने कंबर कसली आहे. जग पक्कं बसवलेलं आहे, ते डळमळणार नाही. तुझं सिंहासन पूर्वीपासून स्थिर आहे. एवढं झालं की कवी अचानक पाण्याकडे वळतो:

'नद्यांनी उचलला, हे परमेश्वरा,
नद्यांनी उचलला आपला आवाज,
नद्या उचलताहेत आपली गर्जना.'

एकच वाक्य तीनदा येतं, दर वेळी थोडं पुढे सरकतं. पहिल्या ओळीत काय उचललं तेच सांगितलेलं नाही. दुसऱ्या ओळीत आवाज येतो, तिसरीत गर्जना. लाट किनाऱ्यावर अशीच चढते: थोडी येते, मागे जाते, मग जास्त पुढे येते. क्रियापदांचं रूपही बदलतं. पहिली दोन झालेली क्रिया दाखवतात, तिसरं अजून चालू असलेली. म्हणजे हा पाण्याचा उठाव कधीकाळी होऊन संपलेला नाही. समुद्र आजही गरजतो आहे. पुढच्या कडव्यात उत्तर येतं: प्रचंड पाण्याच्या आवाजापेक्षा, समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांपेक्षा, उंचावरचा परमेश्वर प्रतापी आहे.

राजाबद्दलच्या कवितेत समुद्र कशाला, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला लागलं. नांगराखाली एक जुनी कबर निघाली. दुसऱ्या वर्षी फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी जवळच रास शामरा इथे उत्खनन सुरू केलं आणि उगारित नावाचं शहर उजेडात आलं. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास, म्हणजे इस्राएलमध्ये दावीद राजा होण्याच्या कितीतरी आधी, ते उद्ध्वस्त झालं होतं. तिथे मातीच्या पाट्यांवर, हिब्रूला जवळच्या भाषेत, बाल या देवाची कथा सापडली. बाल हा पावसाचा, वादळाचा, ढगांवर स्वार होणारा देव. त्याचा प्रतिस्पर्धी 'याम'. याम म्हणजे समुद्र, आणि हिब्रूतही समुद्राला 'याम'च म्हणतात. या यामचं दुसरं नाव 'न्यायाधीश नहार', म्हणजे नदी. बाल यामला हरवतो आणि राजा होतो, मग त्याच्यासाठी महाल बांधला जातो. पूर्वेकडे बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, अशीच दुसरी कथा होती. तिथे मार्दुक हा देव खाऱ्या पाण्याची आदिशक्ती असलेल्या तियामतला मारतो, आणि त्या लढाईआधी इतर देव घोषणा करतात, 'मार्दुक राजा आहे!'

त्या काळच्या माणसांना राजा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. सगळं गिळून टाकू पाहणाऱ्या पाण्याला जो अडवून धरतो, तो राजा. पाणी म्हणजे गोंधळ, अव्यवस्था, उद्या काय होईल याची भीती. ज्याने त्याला बांध घातला त्याच्या जिवावर पेरणी होते, घरं उभी राहतात, मुलं वाढतात.

९३ व्या स्तोत्रात 'नहार' आणि 'याम' दोन्ही शब्द आहेत. इस्राएलच्या कवीने शेजाऱ्यांची भाषा उचलली आहे, यात मला शंका वाटत नाही. तिचं त्याने काय केलं, ते अधिक महत्त्वाचं. त्याच्या कवितेत लढाईच नाही. कुणी गदा फिरवत नाही, कुणाच्या देहाचे तुकडे होत नाहीत. पाणी आवाज करतं एवढंच, आणि सिंहासन तर त्याआधीच पक्कं बसलेलं आहे. बालला राजेपण मिळवावं लागतं, महालासाठी थोरल्या देवाची परवानगी लागते, आणि पुढे मृत्यूदेवतेसमोर तो हरतोही. इथला राजा राजेपण कुणाकडून घेत नाही. २९ व्या स्तोत्रातही हेच दिसतं. तिथे 'परमेश्वराचा आवाज' हे शब्द सात वेळा मेघगर्जनेसारखे कोसळतात, लबानोनचे देवदार मोडतात, आणि शेवटी परमेश्वर महापुरावर राजा होऊन स्थिर बसतो. १०४ व्या स्तोत्रात तर लिव्याथान हा समुद्रातला महाभयंकर प्राणी देवाने खेळण्यासाठी घडवलेला आहे. भीतीचं दैवत पाण्यात बागडणारं जनावर होऊन जातं.

आता 'मालाख'वरच्या वादाकडे येऊ: त्याचा अर्थ 'राजा झाला' असा घ्यायचा की 'राज्य करतो' असा? अबशालोमने आपल्या बापाविरुद्ध, दाविदाविरुद्ध, बंड केलं तेव्हा त्याने गुप्तपणे निरोप पाठवले होते: शिंगाचा आवाज ऐकलात की म्हणा, 'मालाख अबशालोम', अबशालोम राजा झाला. येहू सेनापतीला त्याच्या साथीदारांनी राजा केलं तेव्हाही शिंग वाजलं आणि आरोळी उठली, 'मालाख येहू'. म्हणजे ही राज्यारोहणाची घोषणा होती. ४७ व्या स्तोत्रात पाहा: टाळ्या वाजवा, जयघोष करा, देव वर चढला आहे, शिंगाच्या निनादात चढला आहे, आणि मग 'मालाख एलोहीम', देव राष्ट्रांचा राजा झाला. तेच शिंग, तीच आरोळी.

नॉर्वेचे अभ्यासक सिगमुंड मोविंकेल यांनी १९२२ मध्ये यावरून एक मोठी कल्पना मांडली. यरुशलेमच्या मंदिरात दर वर्षी शरद ऋतूत, सुगीच्या सणाला, देवाच्या राज्यारोहणाचा सोहळा होत असावा. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्यांची पवित्र पेटी, वाजतगाजत टेकडीवर नेत असतील आणि लोक ओरडत असतील, 'परमेश्वर राजा झाला!' बाबेलमध्ये मार्दुकासाठी अकितू नावाचा नववर्षाचा उत्सव होतच असे. त्यात मार्दुकाच्या विजयाचं काव्य त्याच्यासमोर म्हटलं जाई. तिथला एक विधी तर विलक्षण आहे. पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेई, त्याच्या गालात मारी, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न आहे असं समजत.

मोविंकेलचं म्हणणं पटवणारं एक सुंदर स्तोत्र आहे, २४ वं. त्याची सुरुवातच अशी आहे की पृथ्वी परमेश्वराची आहे, कारण त्याने तिचा पाया समुद्रांवर घातला, नद्यांवर तिला स्थिर केलं. पुन्हा तेच दोन शब्द, याम आणि नहार. आणि शेवटी मिरवणूक वेशीपाशी येऊन थांबते. बाहेरचे हाक देतात, 'वेशींनो, माथी उंच करा, म्हणजे वैभवाचा राजा आत येईल!' आतून प्रश्न येतो, 'कोण हा वैभवाचा राजा?' उत्तर मिळतं, पुन्हा हाक, पुन्हा प्रश्न. चार कडव्यांत 'वैभवाचा राजा' हे शब्द पाच वेळा येतात. हे नुसतं वाचण्यासाठी लिहिलेलं नाही, ते वेशीच्या दोन बाजूंना उभं राहून म्हणण्यासाठी आहे, हे कुणीही सांगेल.

पण मोविंकेलच्या कल्पनेत एक अडचण आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे हिब्रू बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, सणांच्या याद्या आहेत, आणि त्यांत देवाच्या राज्यारोहणाचा सण कुठेच नाही. शिवाय ९३, ९७ आणि ९९ या तिन्ही स्तोत्रांच्या आरंभी शब्दांचा क्रम उलटा आहे. 'मालाख अबशालोम' ही बातमी आहे: राजा झाला अबशालोम. 'अदोनाय मालाख'मध्ये नाव आधी येतं: राज्य करतो तो परमेश्वर, दुसरा कुणी नाही. एकीकडे घटना आहे, दुसरीकडे ठाम सांगणं. मला दोन्ही खरं वाटतं. आरोळी राज्यारोहणाची आहे, पण ज्याच्या नावाने ती दिली जाते तो कधी गादीवरून उतरलेलाच नव्हता. सूर्य दररोज उगवला असं आपण म्हणतो, आणि तो मावळून संपला होता असं आपल्याला कधी वाटत नाही. तसंच काहीसं.

राजाने पाणी अडवलं, सिंहासन स्थिर झालं. पुढे काय? स्तोत्रांतल्या राज्याचा खरा गाभा इथून सुरू होतो. राजा न्याय करतो. 'मिश्पात' हा शब्द सारखा येतो. न्यायनिवाडा हा त्याचा एक अर्थ, पण ज्याचं जे आहे ते त्याला मिळवून देणं हाही. त्याच्या जोडीला 'त्सेदेक' येतो, म्हणजे सरळपणा, जसं असायला हवं तसं असणं. ९७ व्या स्तोत्रात म्हटलं आहे की या दोन गोष्टींवर त्याचं सिंहासन उभं आहे. ९९ वं स्तोत्र म्हणतं, राजाचं बळ न्यायावर प्रेम करतं. बळ आणि न्याय एका वाक्यात, आणि मध्ये प्रेम. मला हे अर्धं वाक्य सगळ्या स्तोत्रसंहितेतलं सर्वात मौल्यवान वाटतं.

९६ आणि ९८ या स्तोत्रांच्या शेवटी एक चमत्कारिक आनंद आहे. समुद्र गरजतो, पण आता उठावासाठी नाही, हर्षाने. नद्या टाळ्या वाजवतात. शेतं उल्हासतात, रानातली झाडं गातात. का? तर परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे. न्यायाधीश येतोय म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे आपल्याला विचित्र वाटतं, कारण न्यायाच्या दिवसाची धास्तीच आपण जास्त ऐकली आहे. पण न्याय करणारा गावात येतोय हे ऐकून आनंद कोणाला होतो? ज्याचा बांध शेजाऱ्याने दरवर्षी थोडा थोडा कोरत नेला आणि ज्याचं ऐकायला कुणी नाही, त्याला. बांध कोरणाऱ्याला नाही. ही स्तोत्रं पहिल्या माणसाच्या बाजूने लिहिलेली आहेत, आणि नद्या, शेतंही त्याच्याच बाजूला उभी आहेत.

८२ व्या स्तोत्रात तर देव स्वर्गातल्या सभेत उभा राहून इतर दैवतांवरच खटला चालवतो. आरोप एकच आहे: तुम्ही दुर्जनांची बाजू घेता. दुबळ्याचा आणि अनाथाचा न्याय करा, गरिबाला सोडवा. ते हे करत नाहीत म्हणून पृथ्वीचे पाये हलतात, आणि शिक्षा सुनावली जाते की तुम्ही माणसांसारखे मराल. जो अनाथाचा निवाडा करत नाही तो देवच नाही, असा हा निकाल आहे. आणि १४६ व्या स्तोत्रात राजाच्या कामांची यादीच आहे: पिडलेल्यांचा न्याय करणं, भुकेल्यांना भाकर, बंदिवानांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, वाकलेल्यांना उभं करणं, उपऱ्यांचं रक्षण, अनाथ आणि विधवेला आधार. ही यादी संपल्यावर मगच शेवटची ओळ येते: परमेश्वर सर्वकाळ राज्य करील. 'राज्य करील' म्हणजे काय करील, ते आधीच्या ओळींत सांगून झालेलं असतं.

देवच राजा, तर मग दाविदाच्या घराण्यातले राजे कोण? हा ताण हिब्रू बायबलमध्ये कधी पुरता सुटलेला नाही. लोक शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागायला आले तेव्हा देव त्याला म्हणतो की त्यांनी तुला नाही, मला राजा म्हणून नाकारलं आहे. मग शमुवेल लोकांना राजा काय काय घेईल ते सांगतो: मुलगे रथांपुढे धावायला, मुली अत्तरं आणि भाकऱ्या करायला, चांगली शेतं, द्राक्षमळे, धान्याचा दहावा भाग. त्यात 'घेईल' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. तरीही राजे झाले, आणि काही स्तोत्रं त्यांच्यासाठीच आहेत. ७२ वं स्तोत्र नव्या राजासाठी मागणं मागतं की त्याने गरिबांना न्याय द्यावा, कापलेल्या गवतावर पाऊस पडावा तसा तो यावा. ८९ वं स्तोत्र त्याहून पुढे जातं. देव दाविदाला वचन देतो, त्याचा हात मी समुद्रावर ठेवीन, उजवा हात नद्यांवर. पाणी अडवण्याच्या कामातला वाटा माणसाला मिळतो.

आणि त्याच स्तोत्रात, मधोमध, सगळं कोसळतं. 'पण तू त्याग केला आहेस, त्याचा मुकुट धुळीत टाकला आहेस.' इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सरच्या सैन्याने यरुशलेम घेतलं, मंदिर जाळलं, राजाला कैद करून नेलं. दाविदाच्या घराण्याची गादी त्यानंतर पुन्हा उभी राहिली नाही. ८९ व्या स्तोत्राच्या अखेरीस प्रश्न उरतो: प्रभू, तुझी ती पूर्वीची प्रीती कुठे आहे?

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि ती पाच भागांत विभागलेली आहेत. वेगवेगळ्या शतकांतली ही स्तोत्रं कुणीतरी विचार करून एकत्र लावली. तिसरा भाग या ८९ व्या स्तोत्रावर, या उत्तर न मिळालेल्या प्रश्नावर संपतो. चौथा भाग ९० व्या स्तोत्राने उघडतो, आणि त्याच्या माथ्यावर नाव आहे मोशेचं. मोशेच्या काळात राजा नव्हता, मंदिर नव्हतं, स्वतःची जमीनही नव्हती. ते स्तोत्र म्हणतं, पिढ्यानपिढ्या तूच आमचं राहण्याचं ठिकाण आहेस. आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर ओळीने येतात ९३, ९५, ९६, ९७, ९८, ९९: परमेश्वर राजा आहे, परमेश्वर राजा आहे. अमेरिकी अभ्यासक जेराल्ड विल्सन यांनी १९८५ मध्ये ही रचना उलगडून दाखवली, आणि तेव्हापासून स्तोत्रं सुटी न वाचता ओळीने वाचण्याकडे अनेकांचा कल झाला. माणसाची गादी गेल्यावर, ती गेली म्हणून, ही घोषणा सर्वात मोठ्या आवाजात झाली आहे. ज्यांच्याकडे दाखवायला राज्याचं एकही चिन्ह उरलेलं नव्हतं, त्यांनी ही स्तोत्रं या क्रमाने लावली.

तुम्ही वर आकडे मोजले असतील तर ९४ मध्ये राहून गेलं हे लक्षात आलं असेल. ते राजाचं स्तोत्र नाही, ती किंकाळी आहे. दुर्जन किती काळ मिरवणार? ते विधवेला आणि उपऱ्याला मारतात, अनाथांचे खून पाडतात आणि म्हणतात, देव बघत नाही. त्यात एक थरकाप उडवणारा प्रश्न आहे: कायद्याच्या आधाराने छळ रचणारं सिंहासन तुझ्याशी भागीदारी करू शकेल का? आधीच्या स्तोत्रात स्थिर सिंहासन, आणि लगेच हे दुसरं, कायद्याने नाडणारं सिंहासन. दोन्ही शेजारी ठेवलेली. रचना करणाऱ्यांनी हे स्तोत्र बाजूला काढलं नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पाणी अजून गरजतंय, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

असंच ७४ वं. कुऱ्हाडींनी मंदिराचं कोरीवकाम फोडलं, सगळं पेटवून दिलं, आमच्यात एकही संदेष्टा उरला नाही, हे किती काळ चालणार ते कुणालाच ठाऊक नाही. राखेच्या ढिगासमोर बसून म्हटलेल्या या स्तोत्राच्या मध्यात कवी म्हणतो, 'तरी देव पूर्वीपासून माझा राजा आहे.' आणि मग सात वेळा 'तू': तू समुद्र दुभंगलास, तू लिव्याथानाची डोकी ठेचलीस, तू झरे फोडलेस, तू सूर्य नेमलास, तू उन्हाळा आणि हिवाळा केलास. पृथ्वी बसवली त्या वेळची ही सगळी कामं तो देवाला आठवण करून देण्यासाठी मोजतो आहे. तू राजा आहेस ना, मग ऊठ. देवाला राजा म्हणणं हे इथे गाऱ्हाणं आहे. राजाकडेच दाद मागता येते.

आता आपल्या वाचनातलं शेवटचं स्तोत्र, १४५ वं. हे शांत आहे. त्याची प्रत्येक ओळ हिब्रू वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते. 'मल्खूत' हा शब्द यात, बरोबर मध्यभागी, तीन ओळींत चार वेळा येतो. त्या तीन ओळींची आद्याक्षरं काफ, लामेद आणि मेम. उलटी वाचली की म-ल-ख: राजा. तिथली एक ओळ अशी आहे: 'तुझं राज्य युगायुगांचं राज्य, तुझी सत्ता पिढ्यानपिढ्यांची.' उगारितच्या पाट्यांत यामशी लढण्याआधी बालला म्हटलेलं वाक्य जवळजवळ हेच आहे, की तू आपलं सार्वकालिक राज्य घेशील, पिढ्यानपिढ्यांची सत्ता घेशील. तिथे हे युद्धाला धाडताना दिलेलं आश्वासन होतं. इथे ओळीच्या मागेपुढे युद्ध नाही.

परंपरेने चालत आलेल्या हिब्रू पोथीत या स्तोत्रातली 'नून' अक्षराची ओळ नाही. तालमूद या ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात याविषयी बोललेलं आहे. 'नून'ने 'नाफेला', म्हणजे 'ती पडली', हा शब्द सुरू होतो, आणि आमोस संदेष्ट्याने इस्राएलच्या पडण्याची शोकगाथा त्याच शब्दाने सुरू केली. म्हणून ती ओळ गाळली, असं रब्बी योहानान म्हणतात. आणि लगेच पुढची, 'सामेख'ची ओळ आहे: 'परमेश्वर पडणाऱ्या सर्वांना आधार देतो.' १९५६ मध्ये मृत समुद्राजवळच्या एका गुहेत सापडलेल्या गुंडाळीत मात्र 'नून'ची ओळ आहे, आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही. ती कदाचित मूळचीच असेल. तरीही पडण्याचं अक्षर वगळून सावरण्याच्या ओळीवर जाणारं हे वाचन ज्यांनी केलं, त्यांना या स्तोत्रातला राजा नीट कळला होता, असं मला वाटतं.

यरुशलेमच्या दुसऱ्या, म्हणजे पुढे पुन्हा बांधलेल्या मंदिरात, तिथली सेवा करणारे लेवी कुळातले लोक दर शुक्रवारी ९३ वं स्तोत्र गात. सहाव्या दिवशी सृष्टी पूर्ण झाली आणि देव तिच्यावर राज्य करू लागला, हे त्यामागचं कारण तालमूद सांगतं. मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, तरी स्तोत्र राहिलं. आजही शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, स्वागताला शुक्रवारी संध्याकाळी ९५ ते ९९ ही स्तोत्रं, मग २९, ९२ आणि ९३ म्हटली जातात. हा क्रम सोळाव्या शतकात गालीलमधल्या सफेद गावातल्या गूढवाद्यांनी घालून दिला. १४५ वं तर रोज तीनदा म्हणतात. येशूच्या तोंडी 'तुझे राज्य येवो' ही प्रार्थना आली ती हीच स्तोत्रं ऐकत वाढलेल्या लोकांमध्ये.

बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या प्रार्थनेतही ही स्तोत्रं आहेत. त्यांची घरची भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामुळे हिब्रू न समजणाऱ्यालाही आपण काय म्हणतो आहोत ते कळू लागलं. ज्यू माणूस भाकर मोडताना, फळ खाताना जो आशीर्वाद म्हणतो, त्यातही देवाला 'मेलेख हाओलाम', विश्वाचा राजा, असंच म्हटलेलं असतं. राजाचं नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलं जातं ते घासापाशी.

१४५ व्या स्तोत्रातही राज्याची थोरवी सांगून झाल्यावर कवी तिथेच येतो. 'सर्वांचे डोळे तुझ्याकडे लागलेले असतात, आणि तू त्यांना वेळेवर अन्न देतोस. तू आपला हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाची इच्छा तृप्त करतोस.' ज्यू धर्मशास्त्र सांगतं की ही ओळ म्हणताना लक्ष दुसरीकडे असेल तर ती पुन्हा म्हणावी. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या, आणि पूर्वेकडच्या अनेक ज्यू समाजांत या ओळीला लोक आपले दोन्ही तळहात वर करून उघडतात, आणि ओळ संपेपर्यंत तसेच धरून ठेवतात.